खेळाच्या पेटीवरील घरगुती शस्त्रक्रिया

मुलाच्या हातीं पुस्तक दिसलें कीं आपल्याकडील वडील मंडळींस समाधान वाटतें आणि पेचकस दिसला कीं त्यांच्या कपाळास आठी पडते. ह्या दोन्ही भावनांचें मूळ एकच आहे. शब्दविद्या ती आपली व हस्तविद्या ती दुसऱ्याची, अशी जी वांटणी सुशिक्षित घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आली, तिचा हा परिणाम होय. कालांतरानें ह्याच घरांत रेडिओ आला, टेलिव्हिजनचा संच आला आणि त्या संचास जोडावयाची खेळाची पेटीही आली. मनांतील वांटणी मात्र गेली नाहीं. मुलें पेटी उघडतातच, पण चोरून उघडतात. आणि चोरून उघडलेल्या पेटीमुळें जे अनर्थ घडतात त्यांचा विचार प्रस्तुत लेखांत करावा असा आमचा हेतु आहे. विषय पोरखेळाचा दिसला तरी त्यांत पैशाचा, घराचा आणि प्रसंगीं मुलाच्या जिवाचा प्रश्न गुंतलेला आहे. म्हणून वाचकांनीं तो हसण्यावारी नेऊं नये.

पेटीची कुळकथा

जपानांत क्योटो येथें १८८९ सालीं खेळावयाचे पत्ते तयार करण्यासाठीं निघालेल्या निन्टेंडो ह्या संस्थेनें १५ जुलै १९८३ रोजीं 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें यंत्र विक्रीस काढलें. त्याची रचना मासायुकी उएमुरा ह्या अभियंत्यानें केली होती. पुढें त्या यंत्राच्या असंख्य नकला निघाल्या, आणि 'मीडिया', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' अशा भारदस्त नांवांच्या पेट्या १९९० नंतरच्या दशकांत आपल्या देशांतील दुकानांतून दिसूं लागल्या. २०२४ पासून ज्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें आहे त्या आमच्या नगर जिल्ह्यांतही, नगर शहरापासून संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगांवपर्यंत, त्या घरोघर पोंचल्या. मुलें पेटीस 'टी.व्ही. गेम' म्हणत, तींत खोंचावयाच्या डबीस 'कॅसेट' म्हणत आणि हातांत धरावयाच्या बटनांच्या पाटीस 'रिमोट' म्हणत. कॅसेटीवर '९९९९ खेळ' असें छापलेलें असे. प्रत्यक्षांत मोजकेच खेळ नांवें बदलून फिरून फिरून येत. पुराणें ऐकलेल्या घरांस संख्येच्या अतिशयोक्तीची संवय असल्यानें ह्याबद्दल कोणी फारशी तक्रार केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

फुंकरीचें शास्त्र

कॅसेट लावूनही पडद्यावर चित्र उमटलें नाहीं तर मुलें ती काढीत, तिच्या तोंडांत जोरानें फुंकर मारीत आणि पुन्हां बसवीत. पुष्कळ वेळां खेळ चालूं होई. ही विद्या जपान, अमेरिका आणि नगर ह्या तिन्ही ठिकाणच्या मुलांस कोणी न शिकवितां अवगत होती. संस्कृतांत ज्यास काकतालीय न्याय म्हणतात आणि मराठींत कावळा बसण्यास व फांदी मोडण्यास एकच गांठ पडली असें आपण ज्यास म्हणतों, त्याचें ह्याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण. कॅसेट काढून पुन्हां बसवितांना तिच्या तांब्याच्या पट्ट्या खांचेंतील दातांवर घासल्या जात, वरील मळ खरवडला जाई व तुटलेला संबंध जुळे. काम घासण्यानें होई, श्रेय फुंकरीस मिळे. उलट फुंकरीबरोबर तोंडांतील ओलावा आंत जाई आणि कल्हई उडालेलें पितळेचें भांडें कळकावें तशा त्या पट्ट्या हळूहळू कळकत. खुद्द निन्टेंडोनेंच पुढें गिऱ्हाइकांस फुंकर मारूं नका असें बजाविलें.

फुंकर निरुपयोगी ठरली म्हणजे घरगुती औषधें सुरू होत. कोणी काचकागदानें पट्ट्या घाशी. त्यायोगें त्यांवरील सोन्याचा अतिपातळ मुलामा निघून जाई आणि तांबें उघडें पडे. कोणी खोबरेल तेल लावी. त्यावर धूळ चिकटे आणि तेलाच्या वासानें मुंग्यांची रांग लागे. वस्तुतः उपाय अगदीं सोपा आहे. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलांत कापूस भिजवून पट्ट्या पुसाव्या, पुरतें वाळूं द्यावें आणि मग कॅसेट बसवावी. मात्र हें द्रव्य पेट घेणारें असल्यानें देवघरांतील समईजवळ बसून हा उद्योग करूं नये.

दाब, दिशा आणि उष्णता

ह्याहून महागाचे अपघात विजेच्या जोडणींत घडतात. आपल्या घरांतील वीज २३० व्होल्टांची, अमेरिकेंतील १२० व्होल्टांची आणि जपानांतील १०० व्होल्टांची. परदेशस्थ मामानें प्रेमानें आणलेली पेटी भाच्यानें उत्साहानें भिंतींतील खांचेस जोडावी, 'फट्' असा आवाज व्हावा आणि जळकट वास सुटून समारंभ आटोपावा, हा प्रकार अनेक कुटुंबांत घडून गेला आहे. पिनांचा आकार जुळविणारा जो लहानसा तुकडा बाजारांत मिळतो तो केवळ आकार बदलतो, दाब बदलीत नाहीं, हें न कळल्यामुळें हें होतें. अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत त्याला किती व्होल्ट चालतात तें छापलेलें असतें. तेथें '१००-२४०' असे आंकडे असतील तर तो आपल्याकडे चालतो. केवळ '१२०' असेल तर चालत नाहीं. सारा अनर्थ वाचण्याच्या आळसाचा आहे, आणि तो वाचनाचा अभिमान बाळगणाऱ्या घरांत घडावा हें नवल होय.

दाब जुळला तरी दिशेचा प्रश्न उरतो. जपानी फॅमिली कॉम्प्युटरच्या अडॅप्टरमधून १० व्होल्टांचा एकदिश प्रवाह निघतो व त्याच्या टोंकाचा मध्य ऋण असतो. अमेरिकेसाठीं निघालेल्या त्याच घराण्यांतील यंत्राचा अडॅप्टर ९ व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह देतो. दोघांचीं टोंकें दिसण्यांत भावंडांसारखीं, गुण मात्र भिन्न. कोणता तरी बसतो म्हणून तो लावला तर आंतील भाग जळतात. तिसरा प्रश्न उष्णतेचा. ह्या पेट्यांत बाहेरून आलेला दाब ५ व्होल्टांवर आणणारा एक तीन पायांचा लहान भाग असतो. तो जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपानें उधळून टाकतो. ९ व्होल्टांचा अडॅप्टर असेल तर ४ व्होल्ट उधळावे लागतात. हाताशीं आहे म्हणून १२ व्होल्टांचा लावला तर ७ उधळावे लागतात, म्हणजे त्या बिचाऱ्यावर पावणेदोनपट उष्णतेचा भार पडतो. पेटी चालते, मुलगा विजयी मुद्रेनें पाहतो, आणि तासाभरांत चित्र थिजतें.

त्यांत २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्रावर जें भारनियमनाचें संकट आलें त्यानें भर घातली. वीज गेली कीं मुलें पेटी चालूं अवस्थेंतच सोडून अंगणांत पळत. वीज परत येतांना दाबाचा जो झटका येई तो पेटीच्या वांट्यास जाई. वीज जातांच खटका बंद करणें, एवढ्या एका शिस्तीनें कित्येक पेट्या वांचल्या असत्या.

जेथें जीव जातो

आतांपर्यंतचे अपघात पैशाचे झाले. पुढील अपघात निराळा आहे, आणि तो वाचकांनीं घरांतील मुलांस वाचून दाखवावा असें आम्ही आग्रहानें सांगतों.

आपल्या देशांत १९८२ सालीं रंगीत टेलिव्हिजन आला तो 'पाल' पद्धतीचा, म्हणजे चित्राच्या ६२५ ओळी व सेकंदास ५० अर्धचित्रें देणारा. जपानी व अमेरिकन पेट्या ५२५ ओळी व ६० अर्धचित्रें ह्या हिशेबानें बोलतात. त्यामुळें तिकडील पेटी आपल्या जुन्या संचास जोडली कीं चित्र काळेंपांढरें दिसे किंवा वर वर सरके. दोष दोन भाषा न जुळण्याचा असे. पण मुलास वाटे संच बिघडला, आणि तो संचाचें मागील झांकण काढी.

कांचेच्या चित्रनलिकेच्या जुन्या रंगीत संचांत २०,००० ते २५,००० व्होल्टांचा दाब खेळत असतो. संच बंद केला, पिन काढून हातांत धरली, तरी तो दाब नलिकेंत सांठून राहतो. कित्येकदां पुष्कळ वेळ राहतो. नलिकेच्या पाठीवरील रबरी टोपीखालीं बोट गेलें तर बसणारा धक्का माणसास दूर फेंकून देतो, आणि दुर्बल हृदयाचा असल्यास तेवढेंही निमित्त पुरतें. हे संच आतां कारखान्यांतून निघत नाहींत, म्हणून धोका टळला असें कोणी समजूं नये. जुन्या खेळांचे शौकीन हे संच मुद्दाम शोधून घरीं आणतात, कारण १९८४ सालीं निघालेल्या 'डक हंट'सारखा बंदुकीचा खेळ नलिकेवरील चित्र बिंदुबिंदूनें रंगतें ह्याच गुणावर चालतो. नव्या सपाट पडद्यावर ती बंदूक आंधळी होते.

आमच्या नगरास ह्या बाबतींत एक अभिमानाची गोष्ट आहे. येथील औद्योगिक वसाहतींत लार्सन अँड टुब्रोचा स्विचगियरचा कारखाना पुष्कळ वर्षें नांदला. २०२० सालीं तो व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. विजेपासून संरक्षण करणारीं साधनें तयार करण्यांत ज्या गांवाचे हात गुंतले, तेथील प्रत्येक घरांत तरी आर.सी.सी.बी. नांवाचा गळती ओळखणारा स्विच असावा. ३० मिलिअँपियर प्रवाह भलत्या वाटेनें जाऊं लागतांच तो वीज तोडतो, आणि ओल्या हातानें सदोष अडॅप्टर धरणाऱ्या मुलाचा जीव वांचवितो. परंतु चित्रनलिकेंत सांठलेल्या विजेपुढें तोही असहाय आहे, कारण ती वीज आतां घराच्या तारांतून येत नसते. म्हणून नियम एकच: खेळाच्या पेटीसाठीं टेलिव्हिजनचा संच उघडावयाचा नाहीं.

डाखाची सळई आणि कायदा

दुरुस्तीच्या पुढील पायरीस मुलें फेरबदलास लागतात. १९९४ च्या डिसेंबरांत जपानांत प्लेस्टेशन निघालें. त्यांत कॅसेटीऐवजीं तबकडी असे व ती एक सूक्ष्म किरण वाची. किरणाचा ठोकळा ज्या प्लॅस्टिकच्या मार्गावरून सरके तो उष्णतेनें व घर्षणानें झिजला कीं तबकडी वाचली जात नसे. मग पोरें यंत्र उलटें ठेवीत आणि तें चालेही. हा उपाय निदान निरुपद्रवी होता. परंतु कांहीं जण ठोकळ्यावरील टांचणीच्या डोक्याएवढा स्क्रू फिरवून किरणाचें बळ वाढवीत. कांहीं दिवस यंत्र तरतरीत होई आणि नंतर किरण कायमचा विझे. शिवाय हा किरण ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांस जवळजवळ न दिसणारा असल्यानें, झांकण उघडें ठेवून आंत डोकावणारा आपल्या दृष्टीशीं खेळतो हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं.

ह्याच यंत्रांत एक लहानशी चिप डाखानें जोडली कीं नकली तबकड्या चालतात, ही वार्ता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणि पुण्याच्या तपकीर गल्लींतून जिल्ह्याजिल्ह्यांत गेली. येथें हाताचा व नीतीचा असे दोन्ही प्रश्न उभे राहतात. कथील व शिसें ह्यांचा ६३ व ३७ ह्या प्रमाणांतील डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. शिसेंरहित डाखास सुमारें २१७ अंश लागतात. जाड सळईनें एकाच जागीं फार वेळ उष्णता दिली तर पाटीवरील तांब्याची पट्टीच उखडून हातांत येते. ह्याहून घातक चूक म्हणजे भांड्यांच्या डाखासाठीं वापरावयाचें तेजाब येथें लावणें. सांधा तत्काळ सुरेख बसतो, पण तेजाबाचा अंश पाटी खात राहतो. विजेच्या नाजूक कामास राळच पाहिजे. तांबटाची विद्या थोर खरी, पण ती घागरीसाठीं आहे.

आणि नीतीचें म्हणाल, तर २०१२ सालीं कॉपीराइट कायद्यांत घातलेल्या ६५-अ ह्या कलमान्वयें, हक्कभंगाच्या उद्देशानें अशीं संरक्षक कुलुपें मोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. आपली वस्तु दुरुस्त करणें हा एक भाग. दुसऱ्याची कृति फुकट मिळावी म्हणून कुलूप मोडणें हा दुसरा. हा भेद मुलांस सळई हातीं देण्यापूर्वीं समजावून सांगावा.

पंचांत गुंडाळलेलें यंत्र

परदेशांतील मंडळी अधिक शहाणी असतील असें कोणास वाटत असल्यास त्यानें पुढील हकीकत ऐकावी. २००५ च्या नोव्हेंबरांत मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स ३६० निघालें. त्याच्या तोंडावर तीन तांबडे दिवे लागले कीं तें मेलें असें समजत. दोष इतक्या यंत्रांत निघाला कीं २००७ च्या जुलैंत संस्थेनें हमीची मुदत तीन वर्षांवर नेली आणि त्यासाठीं शंभर कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाजूस काढली. त्या काळांत कोणी तरी यंत्र टॉवेलांत गुंडाळून चालूं ठेवण्याचा उपाय काढला. कोंडलेल्या उष्णतेनें आंतील बिघडलेला भाग घटकाभर जागेवर येई, दिवे हिरवे होत आणि मंडळी आनंदित होत. थोड्याच दिवसांत यंत्र पुन्हां मरे. फुंकरीचाच हा थोरला भाऊ. फरक एवढाच कीं फुंकरीनें घर पेटत नाहीं, टॉवेलानें पेटूं शकतें.

अलीकडील यंत्रें तर हौशी हातांस मुळींच क्षमा करीत नाहींत. २ फेब्रुवारी २०२१ रोजीं प्लेस्टेशन ५ आपल्या देशांत ४९,९९० रुपयांस विक्रीस आलें. त्याच्या मुख्य चिपेवर उष्णता वाहून नेण्यासाठीं गॅलियमयुक्त प्रवाही धातु घातलेला असतो. अननुभवी हातानें तेथवर पोंचून तो सांडला तर विजेच्या वाटा भलत्याच ठिकाणीं जुळतात. ॲल्युमिनियमवर पडला तर तो धातु पोखरला जातो. हातांत धरून खेळावयाच्या यंत्रांतील लिथियमची बॅटरी फुगली असेल तर ती टोंचूं नये, दाबूं नये, पुन्हां विजेस लावूं नये. अशी बॅटरी घरच्या केराच्या टोपलींत टाकणेंही धोक्याचें आहे. २०२२ सालच्या बॅटरी-कचऱ्याच्या नियमांप्रमाणें अधिकृत संकलनाची जी व्यवस्था आहे तिच्या स्वाधीन ती करावी.

मग मुलांनीं हात लावूंच नये काय?

इतकी अनर्थमालिका वाचून कोणी आजोबा "म्हणूनच मी सांगत होतों, उघडूं नका!" असें म्हणतील. आमचें म्हणणें नेमकें ह्याच्या उलट आहे. वर सांगितलेल्या अपघातांपैकीं बहुतेक अपघात उघडल्यामुळें झाले नाहींत. रागें भरण्याच्या भीतीनें रात्रीं, एकट्यानें, दार लोटून उघडल्यामुळें झाले. धक्का बसला तर शेजारीं खटका बंद करणारें कोणी नाहीं, अडलें तर विचारावें असें कोणी नाहीं, आणि जळलें तर सांगावें असेंही कोणी नाहीं. बंदीनें उघडणें थांबत नाहीं, फक्त सोबत थांबते.

ह्या बाबतींत आपल्याच परंपरेंत एक धडा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील नववा अध्याय 'योग्यासूत्रीय' नांवाचा आहे. योग्या म्हणजे हाताचा सराव. शिष्यानें सर्व शास्त्र ऐकलें असलें तरी सरावावांचून तो कर्मास अपात्रच, असें तेथें स्पष्ट सांगितलें आहे. आणि छेदनाचा सराव आधीं कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर करावयास लाविला आहे. रोग्याच्या अंगावर पहिलें शस्त्र चालवूं दिलेलें नाहीं. त्याच ग्रंथांत, केवळ शास्त्र जाणणारा व केवळ कर्म जाणणारा ह्या दोघांसही एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे, आणि पक्ष्यासाठीं तेथें शब्द योजला आहे तो 'द्विज'. त्याचा दुसरा अर्थ ह्या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

ही रीति घरांत आणणें अवघड नाहीं. मुलगा असो वा मुलगी, पहिला हात चालत्या यंत्रावर न देतां मेलेल्या यंत्रावर द्यावा. सरावासाठीं विजेची पिन काढलेली, कॅसेटीची जुनी पेटीच घ्यावी. थेट भिंतीस जोडावयाचें यंत्र घेऊं नये. प्रत्येक टप्प्यास मोबाइलवर छायाचित्र घ्यावें, म्हणजे कोणती तार कोठें होती ह्यावर वाद होत नाहीं. स्क्रू मिसळणाच्या जुन्या डब्यांतील वाट्यांत क्रमानें ठेवावे. मोहरीच्या वाटींत पहिल्या झांकणाचे, हळदीच्या वाटींत दुसऱ्याचे, असा क्रम ठरविला कीं शेवटीं तीन स्क्रू उरण्याची नामुष्की टळते. नगरच्या कोरड्या थंडींत रेशमी कद किंवा लोकरीचा स्वेटर अंगावर असतांना पाटीस हात लावूं नये. घर्षणानें सांठलेली वीज नाजूक चिपा मारते. सुती वस्त्र बरें. ह्या कामापुरतें तेंच सोवळें समजावें. आणि सर्वांत महत्त्वाचें, दुसरें माणूस खोलींत असल्यावांचून कोणीही पेचकस उचलूं नये.

सरकारनेंही दुरुस्तीचा हक्क मान्य करण्याच्या दिशेनें पाऊल टाकलें आहे. ग्राहक व्यवहार विभागानें २०२२ च्या जुलैंत त्यासाठीं समिती नेमली आणि त्याच वर्षीं २४ डिसेंबरास, राष्ट्रीय ग्राहक दिनीं, त्यासंबंधीचें पोर्टल उघडलें. परंतु हक्क कागदावर मिळाला तरी कसब घरींच मिळावें लागतें. बहुतेक घरांच्या माळ्यावर एखादा बंद पडलेला 'टी.व्ही. गेम' धूळ खात असेल. येत्या सुटींत तो खालीं काढावा, वर्तमानपत्राच्या घडीवर ठेवावा, आणि आजोबांनीं चष्मा लावून नातवंडांच्या शेजारीं बसावें. आंत एखाद्या झुरळाचें बिऱ्हाड निघालें तर पेटी बंद पडण्याचें कारण तेथेंच कळेल. न निघालें तर पुढील स्क्रू नातवंडास काढूं द्यावा.